खाऱ्या वाऱ्यापुढे टिकेल ते

मरीन ड्राइव्हवर घराचं काम निघालं की बहुतेक मालकांची सुरुवात ठरलेली असते : “सगळं उखडून टाका.” मी मात्र आधी घरकाम करणाऱ्या मावशींना गाठते. पावसाळ्यात कुठली खिडकी फुगून अडते, कुठल्या भिंतीला लोणा लागतो, कुठलं कपाट कुबट वास मारतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

इथल्या बऱ्याच इमारती १९३० आणि ४०च्या दशकांतल्या, आर्ट डेको शैलीतल्या. २०१८मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्यांची गणना झाली, ती मुख्यतः बाहेरच्या रूपासाठी. आतली श्रीमंती पायाखाली असते. सिमेंटमध्ये संगमरवराची खडी घालून जागेवरच ओतलेली जुनी टेराझो जमीन डागाळलेली दिसते, म्हणून तिच्यावर चकचकीत टाइल्स बसवायचा मोह होतो. पण टेराझोचा रंग नुसता वरवरचा नसतो. वरचा मळका थर मशीनने घासला की खालून तीच नक्षी ताजी होऊन येते. टाइलची तकाकी गेली, की ती बदलण्यावाचून गत्यंतर नसतं.

नव्याने आणायच्या वस्तूंना माझा एकच प्रश्न असतो : काही पावसाळे काढल्यावर ही कशी दिसेल? एमडीएफ दमट हवेत कडेने फुगतं, म्हणून ते बाद. मरीन प्लाय घेतलं तरी सुताराने कापलेली प्रत्येक कड सील केली की नाही, हे मी स्वतः बघते. पाणी तिथूनच शिरतं. साध्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवर खाऱ्या हवेने तांबूस डाग उठतात. ३१६ प्रतीत दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते जास्त तग धरतं. पितळ काळवंडतं खरं, पण चिंचेने घासलं की पुन्हा उजळतं.

भिंतींच्या बाबतीत घाई नडते. ओल बाहेरच्या भेगेतून येत असताना आतून कितीही महागडा रंग मारला, तरी त्याचे पोपडे निघणारच. आधी भेग बुजवायची, भिंत पूर्ण वाळू द्यायची आणि मगच रंगाला हात घालायचा. म्हणून रंगकाम मी हिवाळ्यात काढते.

“समुद्र घरात आला पाहिजे,” म्हणून पुष्कळ जण खिडकीसमोर मोठा आरसा मागतात. या किनाऱ्याला पश्चिमेचं ऊन आहे. जुने छज्जे डोक्यावरचं ऊन अडवतात. कलत्या दुपारी ते तिरपं आत घुसतं. आरसा आणि गुळगुळीत पांढरा संगमरवर त्यात भरच घालतात, मग डोळे दिपतात, पडदे ओढले जातात आणि समुद्र दिसेनासा होतो. मी आत चमक नसलेले मध्यम रंग वापरते. खिडकीची भिंत तेवढी फिकट ठेवते, म्हणजे बाहेरचा उजेड आणि तिच्यातली तफावत डोळ्यांना बोचत नाही.

माझ्या अंदाजपत्रकाची शेवटची ओळ दरवर्षीच्या देखभालीची असते : सागवानाचं पॉलिश, बिजागऱ्यांना तेल आणि पितळ घासायचे मावशींना वेगळे पैसे. ही ओळ जे मालक खोडतात, त्यांच्याकडे मी पितळ सुचवतच नाही. ३१६चं स्टील लावून मोकळी होते.