भाकरी मागेल तेवढं पातळ

दिवाळीची सुट्टी संपवून मुलं लातुरात परतली, की आठ दिवसांच्या आत कुणीतरी विचारतंच, "काकू, रात्रीला सूप मिळेल का?" विचारणारा बहुधा पुण्याकडचा नाहीतर नागपूरकडचा असतो. बीड, हिंगोली, नांदेडची पोरं असलं काही मागत नाहीत. ती झाकण उघडून वास घेतात आणि विचारतात, "आज येसर हाय का?"

मी मेस चालवते. लातूर पॅटर्नचं नाव झाल्यापासून बारावीची आणि नीटची तयारी करायला कुठकुठून मुलं इथे येऊन राहतात आणि त्यांच्या पोटाची जबाबदारी आमच्यासारख्या बायांवर येऊन पडते. मराठवाडा उन्हाळ्यासाठी बदनाम आहे, पण डिसेंबर-जानेवारीत इथला पाराही कधीकधी दहाच्या खाली उतरतो. दिवसभर अभ्यासिकेत बसलेलं पोर रात्री जेवायला येतं, तेव्हा त्याची बोटं गारठलेली असतात. पोटात काहीतरी कढत जायला हवं, हे त्याचं म्हणणं रास्तच आहे.

पाकिटातलं सूप मला वर्ज्य नाही. ताप आलेल्या मुलाला मीही देते. पण त्याचा दाटपणा असतो कॉर्नफ्लोअरचा, नुसता चकचकीत. जिभेवरून सटकतं, पोटात थांबत नाही. तासाभरात पोरगं बिस्किटाचा पुडा फोडतं. सूप हे जेवणाआधीचं खाणं आहे. आमच्याकडे जेवणाआधी काही नसतं, एकदम जेवणच असतं. पातळ कालवणाच्या ताटात भाकरी बारीक कुस्करायची, वरून कढत आमटी ओतायची, बाजूला कांदा फोडून ठेवायचा आणि हाताने ओरपायचं. त्यामुळे आमटी किती पातळ असावी, हे चमचा ठरवत नाही, भाकरी ठरवते. कुस्करलेली भाकरी आमटी पिऊन घेते. ती प्यायल्यावरही ताटाच्या कडेला थोडा रस धावता राहिला पाहिजे. तो राहिला नाही तर घास घशात बसतो, आणि फार राहिला तर भाकरीचा लगदा होतो. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, चुलीपाशी बसून म्हणायच्या, "लय पातळ नको करू, भाकर बुडून मरंल."

येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं, डाळींचं आणि मसाल्याचं पीठ. पूर्वी लग्नघरात येसर-मेतकूट दळल्याशिवाय कार्याला सुरुवात झाली असं कुणी मानत नसे, कारण पंगतीला अचानक पन्नास माणसं वाढली तरी येसर आणि पाणी एवढ्यावर आमटी वाढवता यायची. माझ्या प्रमाणात गहू आणि हरभऱ्याची डाळ सारखी, त्याच्या निम्मी ज्वारी, मूठभर उडदाची डाळ, भरपूर धणे, मग जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, दगडफूल, सुंठ, हळद आणि सुकं खोबरं. तिखटाला धर्माबादची मिरची. मी माहेरची नांदेडकडची, त्यामुळे तेलंगणाच्या शेजाराने आलेली चिंच आणि कढीपत्ता माझ्या हातात जरा सढळ आहे. सासरी लातुरात काळ्या तिखटावर भिस्त. पहिली काही वर्षं या दोन तिखटांचं माझ्या स्वयंपाकघरात जमलं नाही. आता दोन्ही एकाच भगुण्यात सुखाने नांदतात.

मसाला आणायला गंजगोलाईत जाते. १९१७ साली बांधलेल्या त्या गोल बाजाराला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि त्यातल्या कुठल्या रस्त्यावर कोरडं, राखाडी, वासाचं दगडफूल मिळतं हे दुकानापेक्षा नाकाला जास्त ठाऊक असतं. डाळींची तर इथे ददात नाही. तुरीच्या भावात लातूरचा बाजार साऱ्या राज्याला माहीत आहे. तरी मी डाळ डोळ्यांनी निवडत नाही. दोन दाणे दाताखाली धरते. कट्‌कन तुटला तर कोरडा, दबला तर अजून ओल आहे. ओलसर डाळीचं येसर महिन्याभरात खवट होतं आणि त्याला जाळी लागते.

सगळी मेहनत भाजण्यात आहे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मंद आचेवर, जाड बुडाच्या कढईत. एकत्र भाजून वेळ वाचवणाऱ्या बायका मला भेटतात. त्यांच्या येसरात धणे जळलेले आणि गहू कच्चे असतात. गहू फुगून तडतडायला लागले की काढायचे. ज्वारीची लाही फुटायच्या आधी थांबायचं, कारण लाही झाली की तिचं पीठ हलकं होतं आणि आमटीत वर तरंगतं. हरभऱ्याची डाळ गुलाबी होईपर्यंत, तिचा वास शेंगदाण्याच्या वासाकडे झुकेपर्यंत. धणे सगळ्यात शेवटी, कढई उतरवल्यावर राहिलेल्या गरमाईवर. सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय गिरणीत न्यायचं नाही, नाहीतर पिठाला वाफ धरते.

भाजल्याने नेमकं काय होतं, हे मला माझ्याच मेसमधल्या एका मुलीने सांगितलं. ती रसायनशास्त्राचं पुस्तक भिंतीला टेकवून जेवायची. पिठातला स्टार्च पाण्यात सत्तर अंशांच्या आसपास तापला की पाणी शोषून फुगतो आणि रस दाटतो. कोरडा भाजला की त्याच्या लांब साखळ्या तुटतात. मग तो आधीइतका फुगत नाही, चिकट होत नाही, पण खमंग होतो. म्हणजे येसर जितकं जास्त भाजाल तितका वास वाढतो आणि दाटपणा कमी होतो. हे ऐकल्यावर मला आत्याबाईंचं एक वागणं उमगलं: त्या थोडी हरभऱ्याची डाळ मुद्दाम कमी भाजून ठेवायच्या. वास बाकीच्या धान्याचा, बंध तिचा.

गुठळ्यांचंही तेच. येसर थेट उकळत्या पाण्यात टाकलं की पिठाच्या प्रत्येक पुंजक्याची बाहेरची बाजू लगेच फुगते, तिचं कवच होतं आणि आत पीठ कोरडंच राहतं. मग पळीने कितीही घोटा. म्हणून वाडग्यात गार पाणी घ्यायचं, त्यात येसर हाताने कालवायचं, बोटाला कण लागेनासा झाला की उकळत्या फोडणीच्या पाण्यात धार सोडायची. फोडणी मोहरी, जिरं, कढीपत्ता आणि ठेचलेल्या लसणाची. लसूण सोलायचा नाही, सालीसकट ठेचायचा. चार वाट्या पाण्याला दोन चमचे येसर. चिंच-गूळ नंतर, मीठ त्याच्याही नंतर. आणि उकळी फुटल्यावर निदान दहा मिनिटं ती उकळत ठेवायची, नाहीतर पिठाचा कच्चटपणा जिभेवर राहतो.

मेसमध्ये मात्र हे सगळं शिकलेलं पुन्हा उलटं करावं लागतं. आमटी गार होताना दाटत जाते. मी साडेसातला भरलेला डबा मुलगा नऊला उघडतो, तेव्हा आमटीचं पिठलं झालेलं असतं. म्हणून डब्याची आमटी मी इतकी पातळ भरते, की बघणाऱ्याला वाटावं बाईने पाण्यात पैसे वाचवले. शिवाय अर्ध्या मुलांना पोळी हवी असते. पोळी कुस्करायची नसते, बुडवायची असते. तिला लागणारी आमटी भाकरीच्या आमटीपेक्षा दाट. एका चुलीवर दोन भगुणी चढतात ती यामुळे. आणि भाकरीचं पीठ आठवड्याच्या वर ठेवत नाही. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडेने चिरते आणि आमटीत पडल्या पडल्या विरघळते. मालदांडी ज्वारीचं ताजं पीठ असेल तर कुस्करलेला तुकडाही शेवटच्या घासापर्यंत तुकडाच राहतो.

शेंगोळ्यांत बाहेरून दाटवायला काहीच लागत नाही. ज्वारीच्या पिठात थोडं गव्हाचं आणि डाळीचं पीठ, लसूण, ओवा, तिखट. घट्ट मळून तळहातांत वळायचं, दोन्ही टोकं जुळवून कडं करायचं आणि खळाळत्या पाण्यात एकेक सोडायचं. शिजताना शेंगोळ्याच्या अंगावरचं पीठ सुटतं आणि रस आपोआप मिळून येतो. पाणी पुरेसं उकळत नसेल तर कडी विरघळतात, त्यामुळे सगळी एकदम लोटायची नाहीत. थंडीत मेसमधली पोरं याला 'देशी पास्ता' म्हणतात. म्हणोत बापडी, ताटं चाटून पुसून ठेवतात ना!

अंबाडीच्या भाजीत दाटपणाचं काम कण्या करतात. जाडसर भरडलेली ज्वारी, थोडी तुरीची डाळ आणि आंबट पाला एकत्र शिजवायचा, वरून लसणाची तेलात तांबूस केलेली फोडणी. हे मला फार आवडतं, आणि माझ्या आईला अजिबात आवडायचं नाही. १९७२ च्या दुष्काळात तिने कण्या इतक्या खाल्ल्या होत्या, की पुढे घरात ज्वारीची पोती लागली तरी तिने कण्या रांधल्या नाहीत. तेव्हा रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, रोजगाराच्या कामावर सुकडी मिळायची, आणि घरात दोन चमच्यांच्या जागी अर्ध्या चमच्यावर आमटी व्हायची. आजकाल अशा पदार्थांवर मायेने लिहिलेलं वाचलं, की मला आई आठवते. दाटपणाचं हे सारं कसब माणसांनी हौसेने नाही कमावलं. थोडक्या धान्यात जास्त तोंडं भरायची होती म्हणून ते आलं. चव लागली हे आपलं नशीब. २०२३ साली भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं, तेव्हा ज्वारीचे लाडू आणि बिस्किटं पुष्कळ दिसली. कण्या मला तरी कुठल्या स्टॉलवर दिसल्या नाहीत.

नांदेडला माहेरी गेले की सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पंगतीला बसते, आणि नजर तिथल्या डाळीवरच असते. घोटून घोटून ती स्वतःच दाट झालेली असते. माझ्याजवळ तेवढी माणसं नाहीत आणि तेवढा वेळही नाही, म्हणून मला येसर लागतं.

पण थंडीतलं खरं कालवण वर्षातून एकदाच होतं, येळवसेला. वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी लातूर रिकामं होतं; जिल्ह्याला सुट्टी असते, दुकानं बंद आणि माणसं रानात. कडब्याची कोप उभी करतात, आत पांडव मांडून पूजा होते, पिकावर आंबील शिंपडतात, आणि मग भज्जी. बाहेरच्या माणसाला वाटतं तळलेली भजी. तिचा तळणाशी संबंध नाही. ओल्या तुरीचे दाणे, सोलाणे, वाटाणे, वालाच्या शेंगा, भुईमुगाचे दाणे, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, गाजर, बोरं. शिवारात जे आहे ते सगळं एका मोठ्या भगुण्यात. त्याला हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा ठेचा, चिंचेचा कोळ आणि बांधायला हरभऱ्याच्या डाळीचं पीठ. ते पीठ इथे कच्चंच वापरायचं, भाजायचं नाही. एवढ्या हिरव्या वासांत खमंगपणा घुसला की भज्जी बिघडते. सोबत बाजरीची भाकरी नाहीतर उंडे, गव्हाची खीर आणि आंबील. आंबील गारच प्यायची, ऐन थंडीत, आणि कुणाला ते विचित्र वाटत नाही. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली ती लसणाची आंबील उन्हात बसून प्यायली की कोपीत आडवं झालेलं माणूस तास-दीड तास उठत नाही.

येळवसेला मेस बंद असते. ज्यांना घरी जाता येत नाही त्या मुलांना मी दिराच्या रानात घेऊन जाते. मागे साताऱ्याच्या एका पोराने वहीत भज्जीचं प्रमाण लिहून मागितलं. वाट्या-चमचे विचारत होता. मी त्याला म्हटलं, पीठ किती ते सांगते, बाकीचं प्रमाण शेताला विचार. तूर उशिरा भरली तर दाणे कमी पडतात, मग पाला वाढतो, पाला वाढला की पाणी सुटतं आणि पीठ वाढवावं लागतं. त्याने तेही लिहून घेतलं.

तो आता पुण्यात मेडिकलला आहे. जाताना अर्धा किलो येसर बांधून दिलं होतं. डिसेंबरात फोन आला, "काकू, हॉस्टेलला गॅस नाही, किटलीत आमटी होईल का?" म्हटलं, होईल. येसर आधी गार पाण्यात कालव, किटलीत पाणी उकळलं की स्टीलच्या डब्यातच ओतून ढवळ आणि झाकण लाव; किटलीत येसर घालू नकोस, तळाला लागेल आणि तुझ्या चहाला जन्मभर लसणाचा वास येईल. भाकरी कुठून आणशील? म्हणाला, "भाकरी मिळत नाही, ब्रेड आहे." ब्रेड म्हटल्यावर मी त्याला येसर तीन चमचे घ्यायला सांगितलं.