सगळ्यांत खालचा मेंबर

आमच्या सोसायटीच्या तळघरात गाड्या, पाण्याची टाकी, मीटरची खोली आणि लिफ्टमागे एक बाथरूम आहे. ड्रायव्हर, वॉचमन आणि घरकामाला येणाऱ्या मावशी यांच्यासाठीचं. वरचे लोक त्याला नुसतं ‘खालचं’ म्हणतात. त्याच्या कोपऱ्यात, फरशीचा उतार जिथे संपतो तिथे, इमारतीतला सगळ्यांत खालचा रहिवासी राहतो: नहाणी ट्रॅप.

तसं त्याला कुणी बघत नाही. दिसते ती डोक्यावरची जाळी. ती उचलली तर पोटात कायम थोडं पाणी दिसेल. साधारण 50 मिलिमीटरचा हा थर म्हणजेच त्याची सगळी नोकरी. गटारातला वायू वर येऊ द्यायचा नाही आणि अंघोळीचं पाणी खाली जाऊ द्यायचं, एवढंच त्याला सांगितलेलं. घराणं जुनं आहे. अलेक्झांडर कमिंग या लंडनच्या घड्याळजीने 1775 साली वाकड्या नळीत पाणी अडवून ठेवणाऱ्या संडासाचं पेटंट घेतलं. आमचा गडी त्याच वंशातला.

स्वभावाने खादाड. केस, साबणाचा चिकटा, विडीची थोटकं, गुटख्याच्या पुड्या, जे येईल ते पोटात. मे महिन्यात वापर कमी झाला की पोटातलं पाणी आटतं आणि तळघरभर घाण वास सुटतो. मग लोक फिनेल ओततात. त्याला खरं तर तांब्याभर पाणी पुरलं असतं.

एरवी तो गप्प. बोलला की समजावं, प्रकरण गंभीर आहे. खाली कुणी अंघोळ करत नसताना जाळीतून गुडगुड आवाज येतो. वर कुणाच्या तरी वॉशिंग मशीनने पाणी सोडलेलं असतं, त्या पाण्याला पुढे वाट नसते आणि पाइपातली दबलेली हवा याच्या पोटातून बुडबुडे काढत सुटते. यंदा जुलैत त्याने हा इशारा भरपूर दिला. तो ऐकायला रात्रपाळीचा वॉचमन होता आणि वॉचमनचं ऐकायला कुणी नव्हतं.

मग एका सकाळी काळं पाणी जाळी उचलून बाहेर आलं.

‘ट्रॅप चोक झाला,’ असा निवाडा लगेच झाला. यासारखा अन्याय नाही. तो चोक असता तर पाणी आलंच नसतं! रस्त्याकडे जाणाऱ्या लाइनमध्ये बोळा बसला होता. तुंबलेलं पाणी पाइपात चढत जातं आणि पहिलं उघडं तोंड सापडलं की तिथून बाहेर पडतं. रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण याच्यापेक्षा बरंच वर. तळघरातलं सांडपाणी खड्ड्यात साठवून पंपाने रस्त्याच्या पातळीला चढवायला हवं होतं. पण आमची जमीन उताराची, लाइनला जेमतेम ढाळ मिळाला आणि बिल्डरने तेवढ्यावर भागवलं. शिवाय 50 मिलिमीटर पाणी वायू अडवतं. बारा मजल्यांचा लोंढा अडवायला त्याला कुणी ठेवलेलं नाही.

कुणीतरी ॲसिडची बाटली आणली, दुसऱ्याने ब्लीचिंग पावडर. दोन्ही एकत्र झाली असती तर बंद तळघरात क्लोरीन सुटला असता. प्लंबरने दोघांनाही बाहेर काढलं, खालचे विजेचे प्लग बंद करायला लावले आणि वरचं सगळं पाणी थांबवा म्हणाला. सेक्रेटरींनी ग्रुपवर मेसेज टाकला. सगळ्यांनी अंगठे दाखवले. नवव्या मजल्यावरचं मशीन मात्र आपला कार्यक्रम पुरा करूनच थांबलं.

‘एखादा माणूस उतरवा की चेंबरमध्ये,’ ही सूचना ठरल्याप्रमाणे आलीच. गटारातला हायड्रोजन सल्फाइड आधी नाक बधिर करतो आणि मग माणूस पाडतो. संरक्षक साधनांशिवाय असं कुणाला उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. प्लंबरने वरूनच बांबूच्या कामट्या घातल्या, नंतर जेटिंगची गाडी आली. निघालं काय? वेट वाइप्स, सॅनिटरी पॅड आणि थिजलेल्या तेलातुपाचे गोळे. विडीचं एकही थोटूक नाही. हा ऐवज वरच्या मजल्यांचा होता. खाली राहणाऱ्यांनी तो फक्त उपसला. वॉचमनची वळकटी फेकावी लागली.

पुढच्या सभेत प्लंबरने तळघराच्या लाइनवर फ्लॅप व्हॉल्व्ह सुचवला. ही झडप बाहेरच्या बाजूलाच उघडते. लाइन उलटली की आपोआप मिटते. मिटलेली असेपर्यंत खालचं बाथरूम वापरायचं नाही आणि फटीत वाइप अडकू नये म्हणून ती अधूनमधून उघडून धुवायची. खर्च फार नव्हता. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, ‘पण मग तुंबलेलं पाणी जाणार कुठे?’

‘गेटजवळच्या चेंबरातून वर येईल,’ प्लंबर म्हणाला. ‘मोकळ्यावर.’

‘म्हणजे लॉबीसमोर?’

चर्चा तासभर चालली. पावसाळ्याआधी दरवर्षी लाइन साफ करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. झडपेचा विषय पुढच्या सभेवर ढकलला.