भरवशाची फियाट

मुंबईच्या जुन्या टॅक्सीवाल्याला ‘तुमची पद्मिनी कधी गेली?’ असे विचारले, तर तो क्षणभर आपल्याकडे पाहत राहतो. घरातल्या माणसांची चौकशी चालली आहे की काय, असा संशय त्याच्या डोळ्यांत दिसतो. तेच ‘फियाट’ म्हणा, की त्याची कळी खुलते. इटलीच्या फियाट कंपनीबरोबरचा करार संपल्यावर ही गाडी काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. पण ह्या दोन्ही बारशांच्या घुगऱ्या स्टँडवरच्या मंडळींनी खाल्ल्याच नाहीत. त्यांच्या लेखी ती अखेरपर्यंत फियाटच राहिली. तिच्या आधीच्या, पन्नास सालानंतरच्या गोलमटोल मॉडेलला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. म्हणजे डुकराची पद्मिनी झाली! आमच्या जुन्या ग्रंथांतले पद्मिनी, चित्रिणी, शंखिनी, हस्तिनी हे स्त्रीभेद वर्गात सांगताना मला कलकत्त्याची अँबॅसिडर टॅक्सी हमखास आठवते, आणि चारांपैकी कोणत्या जागी, ते सांगायला नकोच.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्याविहारला बहिणीकडे चार दिवस राहायला गेलो होतो. त्यांतले दोन दिवस मी एकाच प्रश्नापायी मुंबईभर हिंडलो. ही गाडी एवढी लोकप्रिय का झाली, आणि ती खरोखरच भरवशाची होती का? प्रश्न चालवणाऱ्यांनाच विचारायचा असे ठरवले होते. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा मागल्या सीटवर बसणाऱ्यांनी वर्तमानपत्रांतून पुष्कळ उसासे टाकले. पुढल्या सीटवरचा माणूस मात्र त्या गर्दीत फारसा बोलताना दिसला नाही.

बहिणीच्या घराजवळच ‘प्रीमियर रोड’ आहे. नाव राहिले, पण कारखाना गेला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. जहाज, विमान नि मोटार ह्या तिन्ही वस्तू ह्या देशात झाल्या पाहिजेत, हा त्या गृहस्थांचा ध्यास. कुर्ल्याच्या ज्या जमिनीवर मोटारी जुळवल्या जात, तिथे आता उंच उंच इमारती आहेत आणि त्यांच्या फाटकांतून निरनिराळ्या कंपन्यांच्या चकचकीत गाड्या बाहेर पडतात. त्यांत फियाट एकही नव्हती. रखवालदाराला विचारले, तर त्याने मला पत्ता चुकलेला मनुष्य समजून रिक्षाचा स्टँड दाखवला.

पण तिथल्याच एका चहाच्या टपरीवर मला पहिला साक्षीदार भेटला. मूळचे साताऱ्याकडचे, वय पासष्टीच्या पुढे, पस्तीस वर्षे टॅक्सी चालवलेले. मी शिकवतो हे कळताच त्यांनी मला ‘मास्तर’ करून टाकले.

“मामा, गाडी भरवशाची होती का हो?” मी विचारले.

“भरवशाची?” ते हसले. “रोज काहीतरी काढायची, मास्तर. पण काय काढलंय ते मला कळायचं.”

आणि मग त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. उन्हाळ्यात चढावर पेट्रोल ओढेनाशी झाली, की ओले फडके पेट्रोलपंपावर टाकायचे, विडी ओढायची, विडी संपेतो गाडी तयार. पावसाळ्यात परळच्या हिंदमातापाशी पाणी चढले, की डिस्ट्रिब्यूटरचे टोपण काढून कोरडे पुसायचे. करंट येत नसला तर पॉइंट घासायचे, नाहीतर काँडेन्सर बदलायचा. पान्यांच्या पिशवीत फॅनबेल्ट, दोन प्लग, पॉइंटचा एक संच नि वायरचे एक भेंडोळे असले, की मुंबईत कुठेही जावे. “पॅसिंजर उतरून दुसरी टॅक्सी धरायच्या आत चालू करायची,” मामा म्हणाले, “नाहीतर भाडं गेलं.”

माझ्या मनात आले, आपण सुशिक्षित माणसे ‘भरवसा’ म्हणतो तेव्हा वस्तू बंद पडणार नाही, एवढाच अर्थ धरतो. मामांचा अर्थ निराळा होता. बंद पडली तरी आपल्याला उठवता येईल, तो त्यांचा भरवसा. हा अर्थ मला कोशातल्या अर्थापेक्षा अधिक पटला.

दुसऱ्या दिवशी कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड पाहिला. जुन्या गाड्या मोडायच्या नि त्यांचे अवयव विकायचे, हा इथला मोठा धंदा. दुकानांपुढे दरवाजे, बॉनेटे, काचा, चाके ह्यांच्या चळती लागलेल्या असतात. ऑपेरा हाउसजवळच्या सुट्या भागांच्या पेठेतही पूर्वी फियाटचा कुठलाही नग उभ्या उभ्या मिळे, असे सगळेच सांगतात. १०८९ सी.सी.चे ते इंजिन वर्षानुवर्षे जवळजवळ तसेच राहिले. त्यामुळे बापाच्या हाताखाली शिकलेल्या पोराला नवे काही शिकावे लागले नाही, आणि जुन्या गाडीचा भाग नव्या गाडीला चाले. नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या घरात टॅक्सी होत्या, त्यांतल्या बहुतेक ह्याच जातीच्या. एवढ्या एकजात गाड्या असल्यावर दर दोन नाक्यांवर त्यांचा वैद्य असणारच! तेव्हा भरवसा गाडीचा होता की ह्या फूटपाथवरच्या वैद्यांचा, हे मला नीटसे ठरवता येईना.

ताडदेवच्या आर.टी.ओ.त २९ ऑक्टोबर २००३ रोजी शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद झाली. मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे. म्हणून ते बरोबर २०२३ च्या ऑक्टोबरात सरले. त्याच भागातल्या एका स्टँडवर जौनपूरचे एक चाचा बसलेले होते. त्यांची गाडी शेवटच्या खेपेत मोडीत गेली. ही गाडी लोकांना इतकी का आवडली, असे मी त्यांना मोठ्या उत्साहाने विचारले.

“पसंद कहाँ थी, साब?” चाचा म्हणाले. “दूसरी गाडी मिलती किधर थी?”

माझ्या दोन दिवसांच्या उत्साहावर ह्या एका वाक्याने पाणी पडले. पण खोटे काहीच नव्हते. परमिट-परवान्यांच्या त्या राज्यात मोटारी करणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गाडी नोंदवायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. अँबॅसिडर ऐसपैस खरी, पण पेट्रोल अधिक पिई आणि गिरगाव-भुलेश्वरच्या बोळांत वळताना अंग चोरू शकत नसे. राहता राहिली फियाट. गावात विहीर एकच असली, की तिचे पाणी गोड म्हणावेच लागते. १९९८ साली सँट्रो आली, पुढे वॅगन-आर आली, टॅक्सीवाल्यांना निवड करायला मिळाली, आणि त्यांनी नव्या गाड्या मुकाट्याने घेतल्या. लोकप्रियतेची खरी परीक्षा तेव्हा झाली, असे मला वाटते.

चाचांनी मग आपला डावा खांदा दाखवला. फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असे. फोर्ट ते दादर, प्रत्येक सिग्नलला तो हात वर-खाली. मे महिन्यात इंजिनाची धग पायांवर येई. सी.एन.जी.ची टाकी डिकीत बसली, तेव्हापासून पॅसिंजरांच्या ट्रंका टपावरच्या कॅरिअरवर चढवायचे कामही ह्याच खांद्यावर आले. मागे बसून उघड्या काचेतून चौपाटीचा वारा खाणाऱ्या आपल्याला ह्यांतले काय ठाऊक असणार?

“मग गेली ते बरेच झाले म्हणायचे?” मी विचारले.

चाचा एकदम गंभीर झाले. फियाट होती तोवर ते मालक होते. दिवसा स्वतः चालवीत आणि रात्री एका पोराला शिफ्टवर देत. आता त्यांच्या वयाच्या माणसाला नव्या गाडीसाठी कर्ज कोण देणार? परमिट पेटीत पडून आहे. मुलाला ते नको आहे. तो मोबाइलवर भाडी घेणारी गाडी दुसऱ्याच्या नावावर चालवतो. चाचा आता दुसऱ्याची वॅगन-आर भाड्याने घेतात, फक्त रात्रीची शिफ्ट, आणि सकाळी मालकाच्या हातावर ठरलेली रक्कम ठेवतात. “खांदा अब नहीं दुखता,” ते म्हणाले, आणि गप्प बसले.

स्टँडवरचा एक तिशीतला ड्रायव्हर आमचे बोलणे ऐकत होता. मूळचा जुन्नरचा, घरचा तिसरा टॅक्सीवाला. त्याला फियाटचे कौतुक मुळीच मंजूर नव्हते. “सर, माझी गाडी तीन वर्षांत एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. ए.सी. आहे, म्हणून लोक बसतात. आजोबांचा अर्धा दिवस गाडीखालीच जायचा.” मात्र मध्यंतरी समोरच्या पट्टीवर एक पिवळा दिवा लागला, तेव्हा वर्कशॉपात संगणक जोडून दोष शोधण्यात दीड दिवस गेला आणि त्या दीड दिवसाचा हप्ता काही माफ झाला नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. “दिवा का लागला होता?” मी विचारले. “ते त्यांनी सांगितलं नाही,” तो म्हणाला. “बिल दिलं.”

त्याच्या नव्या गाडीचे बॉनेट मला पाहायचे होते. त्याने ते उघडले. आत काळ्या प्लास्टिकची झाकणे, नळ्या, सगळे कसे स्वच्छ आणि बंद. चाचाही उठून आले, कमरेवर हात ठेवून बराच वेळ वाकून पाहत राहिले, सवयीने एक बोट पुढे केले आणि तसेच मागे घेतले.

“पानी भी नहीं माँगती,” ते म्हणाले, आणि बॉनेट हलकेच खाली लावले. तेवढ्यात दोन बायका पिशव्या घेऊन आल्या. दादरला येणार का, म्हणाल्या. पोरगा गाडीत बसला, मीटर टाकला नि निघाला.