हाकेला ओ

शिकारीवर लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. उभ्या आयुष्यात मी ढेकणांपलीकडे कशाचीही शिकार केलेली नाही, आणि त्यातही सरशी ढेकणांचीच झाली. शिवाय 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, तेव्हा माझा जन्मही व्हायचा होता. कायद्यामुळे एक थोर शिकारी वाया गेला, असे म्हणायला मी मोकळा आहे. घरी एकदा म्हणून पाहिले. "आधी माळ्यावरचं झुरळ मारा," असे उत्तर आले.

हा विषय निघाला आमच्या साडूंमुळे. ते अमेरिकेत असतात. फराळाचे पार्सल पोचल्याचे सांगायला त्यांचा फोन आला, तेव्हा कळले की शेजारच्या गोऱ्याने त्यांना हरणाच्या शिकारीला नेले होते.

"बंदूक चालवलीत?" मी आदराने विचारले.

"छे हो! थंडीत कुडकुडत पिपाणी ऐकत बसलो."

त्या पिपाणीची हकिकत मोठी मजेशीर आहे. नोव्हेंबरात तिकडच्या हरणांचा लग्नाचा हंगाम असतो. नराला माज चढतो. एरवी पान हलले तरी पळ काढणारा हा भित्रा प्राणी त्या दिवसांत तहानभूक विसरून भटकत असतो. युरोपातल्या तांबड्या हरणाचे तर या धामधुमीत पाचव्या हिश्शाइतके वजन उतरू शकते. (लग्नकार्यात वजन उतरणारा प्राणी मी तरी दुसरा ऐकलेला नाही.) शिकारी मचाणावर बसून नळीत फुंकतो. एका फुंकीतून मादीची साद निघते, दुसरीतून परक्या नराचा घुरघुराट. तेवढ्याने भागले नाही तर दोन शिंगे एकमेकांवर खडखडवायची, म्हणजे जवळच कुणाची तरी जुंपली आहे असे वाटते. नर यातल्या कशाला तरी फसतोच. प्रेमाला नाही फसला, तर अहंकाराला.

जर्मनीत डॉर्टमुंडला तर शिकारीच्या प्रदर्शनात हरणासारखे ओरडण्याची स्पर्धाच भरते. भारदस्त गृहस्थ बैलाच्या शिंगात नाही तर शंखात तोंड घालून हंबरतात आणि परीक्षक गंभीरपणे गुण देतात. आमच्या साहेबांना एकदा तिथे पाठवले पाहिजे. मार्चअखेर जवळ आली की ते कुठल्याही साधनाशिवाय तसा आवाज काढतात.

जिम कॉर्बेटलाही साधन लागले नव्हते. कुमाऊँतल्या ठाकच्या नरभक्षक वाघिणीला त्याने 30 नोव्हेंबर 1938 च्या संध्याकाळी वाघाचा आवाज स्वतःच्या घशातून काढून बोलावले. ती जोडीदार शोधत होती. ती ओ देत देत आली आणि संपली. माणसे खाणारी ती वाघीण, पण हे वाचताना मला तिचीच कीव आली होती.

पण आपल्याला ही विद्या शिकवायला कॉर्बेट कशाला हवा? मी नोकरीला आहे त्या घोटीपासून पंचवटी तासाभरावर. तिथे मारीच राक्षस हरीण होऊन आला आणि मरताना त्याने रामाच्या आवाजात सीतेला आणि लक्ष्मणाला हाक घातली. साहेबाच्या देशात माणूस हरणाला हाक घालून फसवतो. आपल्याकडे हरणाने माणसाला फसवले. पुढे सीताहरण झाले, जटायू पडला. तो पडला ते ठिकाण म्हणजे आमच्याच इगतपुरी तालुक्यातले टाकेद, असे इथली मंडळी सांगतात. एका खोट्या हाकेचा हिशेब असा आमच्या पंचक्रोशीत येऊन पोचतो.

ती परंपरा घोटीने सोडलेली नाही. स्टँडबाहेर उभे राहा. "चला, भंडारदरा, भंडारदरा! एकच सीट, लगेच निघाली!" आत तिघेचौघे बसलेले दिसतात म्हणून आपण घाईने चढतो. खरी गिऱ्हाइके भरू लागली की ते तिघेचौघे एकेक करून उतरतात आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसतात. मी यात किमान सहा वेळा फसलो आहे. पाऊस धो धो कोसळत असला आणि घरी जायचे असले, की 'एकच सीट' ही साद हरणालाच काय, बी.कॉम. झालेल्या माणसालाही खरी वाटते.

गुरुजींचे तरी काय चुकले?

गुरुजी आमच्या शाखेतले निवृत्तिवेतनधारक. पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली, मुलगा पुण्याला. दर एक तारखेला येऊन पासबुक भरून घ्यायचे आणि माझ्या मराठीतल्या चुका काढायचे. एके दिवशी ते नवा शर्ट घालून, केसांना कलप लावून खिडकीशी आले. ठेव मोडून दोन लाख चाळीस हजार रुपये परराज्यातल्या एका बाईंच्या खात्यात पाठवायचे होते.

"ओळखीच्या आहेत," गुरुजी म्हणाले. "विमानतळावर त्यांचं सामान अडकलंय."

"भेटलात कधी?"

"फोनवर बोलतो. रोज रात्री नऊला त्यांचा फोन येतो. जेवलात का, विचारतात."

मला ती पिपाणी स्पष्ट ऐकू आली. मी हळूच म्हटले, "गुरुजी, हल्ली फसवणूक फार..."

"पैसे माझे आहेत," गुरुजी वर्गात बोलावे तसे कडाडले. "तुम्ही फॉर्म तपासा. सही जुळते का?"

सही जुळत होती. सगळेच नियमाप्रमाणे होते. रानात वाघ-बिबट्याची चाहूल लागली की भेकर कुत्र्यासारखे भुंकते आणि इतर जनावरे सावध होतात. मला भुंकता येईना. तेव्हा मी बँकवाल्यांच्या घशातून जन्मजात निघणारा आवाज काढला.

"सर्व्हर डाऊन आहे!"

रांगेतून उसासे निघाले. शेजारच्या खिडकीत मात्र नोटा मोजल्या जात होत्या. गुरुजींनी चष्मा वर केला. "तुमचाच कसा डाऊन?"

"माझा वेगळा आहे," मी म्हणालो.

एवढ्यात साहेब बाहेर आले. मी डोळा मारला. आठ वर्षांत प्रथमच साहेबांना माझे म्हणणे न बोलता कळले. "वरूनच डाऊन आहे गुरुजी, उद्या या," ते म्हणाले. संध्याकाळी मुलाला फोन झाला आणि रात्रीच्या गाडीने मुलगा आला. ठेव वाचली. आधी मोबाइलवरून पाठवलेले पंचवीस हजार मात्र गेले. 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिकडे पैसे येत नाहीत हे कळताच बाईंचा फोन बंद झाला. त्यानंतर नऊ वाजता तो वाजला नाही.

पुढच्या एक तारखेला गुरुजी आले. कलप उडाला होता.

"सर्व्हर चालू झाला का?"

"झाला, गुरुजी."

मी पासबुक भरून दिले. ते निघाले, पुन्हा वळले. "खोटं आहे, हे मला थोडं थोडं कळत होतं," ते म्हणाले. "पण नऊ वाजता फोन वाजायचा हो."

या नोंदीला आमच्या कुठल्याच फॉर्मात रकाना नाही.

हल्ली रात्री नऊला मीच त्यांना फोन लावतो. "जेवलात का?" म्हणून विचारतो. गोड आवाज काढणे मला जमत नाही. परवा न राहवून विचारले, "गुरुजी, रोज फोन करतो, त्रास तर होत नाही ना?"

पलीकडे जरा वेळ शांतता होती.

"आवाज फारच भसाडा आहे तुमचा," गुरुजी म्हणाले. "पण चालेल."