क्लिअर करणे

इंग्रजी भाषेशी आमचे वैर नाही. तिच्याच आधाराने आम्ही पदवीधर झालो, तिच्याच आधाराने कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा ‘क्लिअर’ केली, आणि आज दहा-अकरा वर्षे दिल्लीच्या एका केंद्रीय कार्यालयात तिच्यातच टिपणे लिहून आमचा चरितार्थ चालला आहे. तरीही तिच्या एका क्रियापदाविषयी आमच्या मनात अढी बसली आहे, आणि ते क्रियापद वरच्या वाक्यात आम्ही नकळत वापरून बसलो, यावरूनच त्याची आमच्यावरील सत्ता किती आहे हे वाचकांच्या ध्यानी येईल.

पौषातल्या सकाळी दिल्लीचे धुके ‘क्लिअर’ होण्याची वाट पाहत आम्ही बसच्या थांब्यावर उभे असतो. कार्यालयात पाऊल टाकताच साहेब विचारतात, कालची फाईल ‘क्लिअर’ झाली का? बँकेत टाकलेला धनादेश ‘क्लिअर’ व्हायचा असतो. बदली झालेल्या सहकाऱ्याला कुलाब्यापासून कोहिमापर्यंत कोठेही जायचे असले तरी आधी ग्रंथालयाची पुस्तके आणि पतपेढीचे हप्ते ‘क्लिअर’ करावे लागतात. उपाहारगृहातला पोऱ्या टेबल ‘क्लिअर’ करतो, पोलीस फेरीवाल्यांना उठवून रस्ता ‘क्लिअर’ करतात, आणि घरी आल्यावर शेजाऱ्यांचा मुलगा वही घेऊन उभा असतो, त्याला त्रैराशिकातली शंका ‘क्लिअर’ करून हवी असते.

मूळचा हा शब्द सोज्वळ कुळातला. लॅटिनमधील ‘क्लारुस’, म्हणजे उजळ, स्पष्ट, नामांकित. फ्रेंचांच्या घरून तो इंग्रजीत आला तेव्हा केवळ विशेषण होता. कोणाचे काही उचलून नेण्याची खोड त्याला नव्हती. क्रियापद झाल्यावर प्रकाशाच्या आड येणारे जे असेल ते दूर करण्याचे काम त्याच्या गळ्यात पडले, आणि पुढे प्रकाश मागे राहून दूर करणे तेवढे उरले. सत्तेवर चढलेल्या पुष्कळ विशेषणांचे असेच होते.

पण आमची तक्रार याहून बारीक आहे. इंग्रज टेबल ‘क्लिअर’ करतो आणि टेबलावरची ताटेही ‘क्लिअर’ करतो. म्हणजे जे जायचे तेही कर्म आणि जे राहायचे तेही कर्म. नेमके काय गेले आणि काय राहिले हे क्रियापद सांगत नाही. प्रसंग पाहून ज्याने त्याने समजून घ्यावे. आपल्या मराठीला हा सैलपणा सोसत नाही. ताटे उचलायची, उष्टी काढायची, पसारा आवरायचा, काम उरकायचे, तांदळातले खडे वेचायचे, घसा खाकरायचा. आभाळ मात्र आपले आपण निवळते. कर्ज फेडायचे, नवस फेडायचा, आणि जमल्यास आईबापांचे पांग फेडायचे. दूरच्या प्रवासाला किंवा शेवटच्या प्रवासाला निघणारा मनुष्य करतो ती निरवानिरव. यांतला प्रत्येक शब्द उच्चारताना हात वेगळा हलतो, आणि दूर करायच्या वस्तूशी आपले नातेही वेगळे असते. राजभाषा हिंदीनेही आमच्या कार्यालयापुरता थोडा विवेक ठेवला आहे. येणे-देणे उरले नाही अशा दाखल्याला ती ‘बेबाकी’ म्हणते, बँकेच्या व्यवहाराला ‘समाशोधन’, मालाला ‘निकासी’. हे शब्द फलकांवर असतात. तोंडी मात्र सगळे ‘क्लिअर’.

आता कबुलीची गोष्ट. कार्यालयातले जुने कागद नष्ट करण्याचे काम आमच्याकडे काही काळ होते. ते काम वाटते तितके सोपे नाही. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमानुसार ठरलेल्या रीतीवाचून एक कागदही फाडता येत नाही, आणि १८९२ पूर्वीच्या कागदाला तर, तो अगदीच जीर्ण झाल्याचा महासंचालकांचा निर्वाळा असल्याखेरीज, कोणी हात लावू शकत नाही. फाईल बंद होतानाच तिचा वर्ग ठरतो. पहिले दोन वर्ग कायम जतन करायचे. तिसऱ्याला फार तर दहा वर्षांचे आयुष्य. मुदत संपली तरी पुन्हा एकदा उघडून पाहायचे, यादी करायची, वरिष्ठांची सही घ्यायची. पंख्यांच्या खरेदीची एक फाईल रद्दीत जाण्यापूर्वी आम्ही तीनदा वाचली होती.

आमचे वडील, आप्पा, वाईच्या शाळेत शिक्षक होते. २०२२ च्या दिवाळीनंतर ते गेले. वाड्यातली रस्त्याकडची खोली त्यांच्या नावावर होती; तिची घरपट्टी आणि विजेचे बिल थकले होते, हे थोरल्या बंधूंनी आम्हाला दूरध्वनीवर सांगितले होते. पुढे जूनमध्ये, आम्ही एका बैठकीत बसलो असताना, त्यांचा दोन ओळींचा निरोप आला : ‘आप्पांच्या खोलीचं काय करायचं? पाऊस सुरू व्हायच्या आत ठरव.’ आम्ही टेबलाखाली हात नेऊन उत्तर पाठविले : ‘दादा, खोलीचे सगळे क्लिअर करून टाक. पैसे पाठवतो.’

आमच्या मनात घरपट्टी होती.

गणपतीत घरी गेलो तेव्हा खोलीला पांढरा चुना दिलेला होता. फळीवरच्या वह्या नव्हत्या. १९७९ पासून आप्पा रोज रात्री चार ओळी लिहीत : दिवसाचा खर्च, पाऊस, कोण येऊन गेले, आणि पावसाळ्यात कृष्णेच्या घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या. त्यांत वाङ्मय काही नव्हते. आमच्या जन्माच्या दिवशी त्यांनी काय लिहिले असेल ते आम्ही कधी उघडून पाहिले नाही; वह्या कोठे पळून जात नाहीत असे वाटे. दादाने रद्दीवाल्याला बोलावून त्या वजनावर दिल्या होत्या आणि आलेले पैसे हिशेबाने वेगळे ठेवले होते.

“तूच तर कळवलंस,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात दोष नव्हता. त्याने तो निरोप आम्हाला दाखविलाही. आम्ही तो पुन्हा वाचला, आणि कोणत्याही सुज्ञ मनुष्याने त्याचा तोच अर्थ केला असता. घरपट्टी अद्याप थकलेलीच होती.

रद्दीवाल्याकडे आम्ही दोघे गेलो. तीन महिन्यांपूर्वीचा माल केव्हाच पुढे गेला होता. त्याने आम्हाला चहा दिला.

रात्री जेवणे झाल्यावर वहिनींनी स्वयंपाकघरातून एक वही आणली. शेवटची, २०२२ ची. निम्मी कोरी होती म्हणून त्यांनी ती काढून घेतली होती. आप्पांच्या अक्षरातली शेवटची ओळ कार्तिकातली : दूध एक लिटर, थंडी पडू लागली. त्याच्याच खाली, जागा न सोडता, वहिनींचे अक्षर सुरू होत होते, दूध दीड लिटर, दूध एक लिटर, दूधवाला आला नाही, असे पानापाठी पान.

आम्ही ती मागितली. वहिनी क्षणभर घुटमळल्या.

“भाऊजी, अजून चार महिन्यांची पानं आहेत हो,” त्या म्हणाल्या. “दुधाचा हिशेब संपला की देते.”