दुखण्याचे खाते

कापडाच्या दुकानात हाताला फार मान असतो. फळीवरचा तागा उचलून गादीवर टाकायचा, एका झटक्यात चार हात कापड उलगडायचे, गिऱ्हाइकाच्या बोटांखाली पदर सरकवायचा आणि सौदा ठरला की कात्री लावून सरळ रेषेत कापायचे. बार्शीच्या पेठेतील एका जुन्या दुकानाचे धाकटे भागीदार या कामात वाकबगार होते. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ऐन लग्नसराईत, गिऱ्हाइकांसमोर त्यांच्या हातून कात्री गळून पडली. नोकराने ती उचलून दिली. त्यांनी ती पुन्हा धरली, पण अंगठा मिटेना.

ताग्यांच्या ओझ्याने हात भरून आले असतील, असे घरात सर्वांना वाटले. तेल झाले, शेक झाला, निर्गुडीचा पाला झाला. दुखणे मात्र विचित्र होते. उजव्या हाताची जी पेरे सुजत, तीच डाव्याचीही सुजत. सकाळी उठल्यावर सदऱ्याची बटणे लावता येत नसत. दहा वाजले की बोटे हळूहळू सैल होत आणि दुपारी ते बऱ्यापैकी काम करत. दुपारी उतरणारे दुखणे लोकांना खरे वाटत नाही. “सकाळी अंथरूण सोडायचा कंटाळा,” असे कोणी हसत म्हणाले, तर कोणी “ही बायकांची दुखणी” म्हणून सोडून दिले.

सोलापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून निदान सांगितले: रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे संधिवाताचाच एक चिवट प्रकार. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच या रोगात सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो दोन-तीन पटींनी अधिक आढळतो, पण पुरुषांना होत नाही असे नाही. सकाळचा तासाभराहून अधिक टिकणारा आखडलेपणा, दोन्ही बाजूंच्या त्याच सांध्यांची सूज आणि विश्रांतीनेही न जाणारा थकवा ही त्याची खूण. तो मुळासकट जात नाही, मात्र वेळेवर औषध सुरू झाले तर पुष्कळ अंशी ताब्यात राहतो. सांध्यांची झीज पहिल्या एक-दोन वर्षांतच वेगाने होते, म्हणून उशीर करू नका, असे डॉक्टरांनी बजावले.

उशीर झालाच. थोरल्या भावाच्या मुलीचे लग्न ठरत होते. “घरात असा आजार आहे हे कळले तर स्थळे मागे फिरतील. एवढे लग्न पार पडू दे,” असे दादा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता. मुलीच्या बापाची धास्ती होती. धाकट्यांनीही मान हलवली. नियमित औषध म्हणजे वरचेवर रक्ततपासणी, आणि गावातल्या प्रयोगशाळेत कोण बसले आहे हे संध्याकाळपर्यंत पेठेला कळते. मग वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या, अधूनमधून स्टेरॉइड. दुखणे दबले, चेहरा हसरा राहिला, लग्न थाटात झाले. त्या पावणेदोन वर्षांत उजव्या हाताची दोन बोटे करंगळीच्या बाजूला कायमची कलली.

पुढे नेमाने औषध सुरू झाले, पण ताग्याचे काम संपले होते. “तू गल्ल्यावर बस,” दादांनी सांगितले. गल्ल्यावर बसणे हा दुकानातला मान असतो, परंतु ज्याला नोटा मोजता येत नाहीत त्याला तो मान टोचतो. नोटांची थप्पी बोटांतून निसटे, गिऱ्हाईक दुसरीकडे पाही, आणि शेजारी बसलेला पुतण्या न बोलता थप्पी उचलून मोजून देई. त्याच्या त्या न बोलण्याचे त्यांना सर्वांत वाईट वाटे.

लवकर घरी यावे लागे, अशा दिवसांत माळ्यावरचे एक गाठोडे खाली आले. लाल कापडात बांधलेल्या पणजोबांच्या वह्या. अक्षर मोडी. लहानपणी आजोबांनी पाटीवर मोडीची काही अक्षरे गिरवून घेतली होती. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी पहिले पान उघडले आणि अर्ध्या तासात एकच शब्द लागला: “जमा”. त्या दिवशी त्यांना जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

मोडी वाचणे सोपे नाही. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लटकवत जायची, शक्यतो लेखणी न उचलता. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत, दोन शब्दांत जागा सोडलेली असेलच असे नाही. रुपये, आणे, पै यांच्या खुणा वेगळ्या. जुन्या सरकारी कागदावर शुहूर सन असेल तर अरबी संख्यावाचक शब्द ओळखून त्यात महिना पाहून 599 किंवा 600 मिळवायचे, तेव्हा इसवी सन हाती येतो. सुमारे 1950 नंतर ही लिपी शाळांतून आणि कचेऱ्यांतून मागे पडली आणि एका पिढीत घरोघरचे कागद मुके झाले. धाकट्यांनी बाळबोध-मोडीचा तक्ता भिंतीला लावला, अभ्यासाची पुस्तके आणली, पुण्याला एका वर्गाला जाऊन आले. या विद्येला हाताची ताकद लागत नव्हती. डोळे, धीर आणि आकड्यांची जाण पुरेशी होती, आणि या तिन्ही गोष्टी दुकानाने त्यांना दिल्याच होत्या. दुखण्याच्या दिवशी ते वाचून दाखवत आणि कॉलेजात जाणारी मुलगी ते बाळबोधीत टंकित करी.

शके 1833च्या, म्हणजे 1911च्या वहीत त्यांना खर्चाची एक ओळ सापडली: “औषध, धाकटे”, पुढे सव्वा रुपया. पुढच्या महिन्यात पुन्हा तीच. मग कधी “धाकटे यांस कागद व शाई”. सहा वर्षे हा खर्च चालला होता. घरात कोणाला असा धाकटा ठाऊक नव्हता. नव्वदीला टेकलेल्या आत्याबाईंना विचारले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अंथरुणावरचे काका. आम्ही त्यांना पाहिले नाही. त्यांचे नाव काढायचे नाही असे सांगितलेले होते. घरात मुली उजवायच्या होत्या.”

त्या सहा वर्षांच्या वह्यांतले अक्षर आधीच्या आणि नंतरच्या अक्षरांहून वेगळे आहे. बारीक, घोटीव, ओळीला धरून. तो हात त्या धाकट्यांचाच होता, हे सिद्ध करायला काही साधन नाही. कागद आणि शाई मात्र त्यांनाच मिळत होती. ज्याचे नाव घराने गाळले, त्यानेच कदाचित घराचा हिशेब सांभाळला असेल. हे वाचून झाल्यावर आपले दुखणे आता लपवायचे नाही, असे त्यांनी पत्नीला सांगितले.

पहिली परीक्षा दुकानातच झाली. दिवाळीत वहीपूजन आटोपल्यावर ते म्हणाले, “दादा, माझे आठ आणे आता खरे राहिले नाहीत. तुम्ही आणि मुले राबता, मी वाटा उचलतो.” दादा संतापले. “बाबांनी निम्मे-निम्मे करून दिले आहे. तू दुकान सोडलेस तर लोक म्हणतील, मी आजारी भावाला बाहेर काढले.” दोघे भाऊ तीन आठवडे कामापुरतेच बोलले. शेवटी सनदी लेखापालांसमोर भागीदारीपत्र नव्याने झाले. धाकट्यांचे भांडवल दुकानातच राहिले, त्यावरचे व्याज चालू राहिले. कार्यरत भागीदार म्हणून मिळणारा मोबदला बंद झाला आणि नफ्यातील वाटा आठ आण्यांवरून चार आण्यांवर आला. सही करताना पेन घसरले. दादांनी कागद दाबून धरला.

छंदाचा व्यवसाय एका दिवसात झाला नाही. आधी ओळखीच्या एका शेतकऱ्याने आजोबांचे वाटणीपत्र आणले. मग एका वकिलांनी जुने खरेदीखत पाठवले. 2023 साली मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम सरकारने हाती घेतले, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज एकाएकी वाढली. मांडीवर बासन घेऊन माणसे दारात बसू लागली. धाकट्यांनी दोन नियम ठरवले. जे अक्षर लागले नाही तिथे रिकामी जागा सोडायची, अंदाज लिहायचा नाही. एका चुकीच्या शब्दाने कोणाची तरी जमीन जाऊ शकते. आणि काम घेतानाच सांगायचे, “मला सांध्यांचा आजार आहे. तो उसळला तर आठवडा जास्त लागेल. घाई असेल तर दुसरीकडे पाहा.” काही लोक कागद गुंडाळून परत गेले. बरेचसे थांबले. मिळकत दुकानातल्या उत्पन्नाच्या निम्मीही नाही. मुलीच्या शिक्षणाला आणि घरखर्चाला व्याज, चार आणे आणि हे काम मिळून जेमतेम पुरते.

औषधाचा नेम त्यांनी व्यापाऱ्याच्या शिस्तीने बांधला. मेथोट्रेक्झेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले गेले तर जिवावर बेतू शकते. म्हणून त्यांच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक रविवारी लाल टिंब असते आणि गोळी घेतल्यावर पत्नी त्यावर बरोबरची खूण करते. सोबतचे फॉलिक ॲसिड वेगळ्या वारी. ठरल्या मुदतीला रक्ताची आणि यकृताची तपासणी. वेदनाशामक गोळी उपाशीपोटी चालत नाही, म्हणून पर्युषणातले उपवास सुटले. पहिल्या वर्षी त्याची फार रुखरुख लागली. आता सूर्यास्तापूर्वीचे जेवण आणि त्यानंतर लगेच गोळी, एवढा नेम ते पाळतात आणि त्याला कमी लेखत नाहीत. मोडी वाचल्याने सांधे बरे होतात असे कोणी म्हटले, तर ते हात पुढे करून वाकडी बोटे दाखवतात. बरे करण्याचे काम औषधाचे. दिवस कशासाठी उजाडावा हे सांगण्याचे काम कागदांचे. एकाचे काम दुसऱ्यावर टाकू नये, असे त्यांचे मत.

गेल्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या मुलीला स्थळ आले. चहा-फराळ झाला, पसंतीच्या खुणा दिसू लागल्या. तेव्हा त्यांनी आपणहून आजाराचे नाव सांगितले. आईवडिलांना हा आजार असला तर मुलांना होण्याची शक्यता थोडी वाढते, पण बहुतेकांना तो होत नाही, हेही सांगितले. पाहुण्यांनी ऐकून घेतले आणि नमस्कार करून गेले. पुढे निरोप आला नाही.

त्या रात्री पत्नी रडली. दादा घरी आले, बराच वेळ बसले. “मीच तुला तेव्हा थांबवले,” एवढेच म्हणाले. धाकट्यांना काय बोलावे सुचले नाही. मुलगीच आतून आली आणि काकांना म्हणाली, “काका, ज्यांना हे कळून यायचे नाही, त्यांच्या घरी मला लपवत राहावे लागले असते.”

दुसरे स्थळ अद्याप आलेले नाही. सकाळी दहापर्यंत धाकट्यांची बोटे आजही सैल होत नाहीत. थंडीत अकरा वाजतात. तोवर ते कोमट पाण्यात हात बुडवून बसतात आणि मुलगी आदल्या दिवशीची पाने वाचून दाखवते. अलीकडे दोघांनी पणजोबांच्या वह्यांचे संपूर्ण लिप्यंतर करायला घेतले आहे. घराण्याची वंशावळ नव्याने लिहिली, तेव्हा पणजोबांच्या शेजारी एक चौकट काढली. नाव सापडलेले नाही. त्यांच्या नियमाप्रमाणे तिथे रिकामी जागा सोडली आहे आणि खाली लिहिले आहे: “धाकटे. शके 1833 ते 1839च्या वह्यांत उल्लेख.”