मुलखाची हवा

डेन्व्हरच्या उपनगरात माझ्या घराच्या गॅरेजात, बर्फ उपसण्याच्या फावड्यांशेजारी, यामाहाची बॅन्शी नावाची चार चाकांची गाडी गेली अकरा वर्षे उभी आहे. वाळूच्या टेकड्यांवर उधळण्यासाठीच जन्मलेले हे वाहन. १९८७ पासून २००६ पर्यंत अमेरिकेत त्याची विक्री होत होती. साठीच्या उंबरठ्यावर आलेल्या गृहस्थाने असले वाहन का बाळगावे, याची कैफियत घरात अनेकदा मागितली गेली आहे आणि दर वेळी मी एकच उत्तर दिले आहे, की हिच्या सिलिंडराचा व्यास ६४ मिलिमीटर आणि पिस्टनाची फेक ५४ मिलिमीटर आहे. हे उत्तर कोणासही पटलेले नाही. परंतु एस्कॉर्ट्सने १९८३ साली भारतात आणलेल्या राजदूत ३५० च्या इंजिनाचीही मापे हीच होती, आणि कोल्हापुरात कॉलेजात असताना त्या गाडीच्या मागे ज्याने आपले अर्धे शिक्षण दवडले, त्याला ती विसरता येत नाहीत. राजदूत वाऱ्याने थंड होई, ही पाण्याने होते. गोत्र मात्र एकच.

दोन सिलिंडर, म्हणून दोन कार्ब्युरेटर. कारखान्यातून येतात ते २६ मिलिमीटरचे मिकुनी. हौशी लोक ते काढून मोठे बसवतात. मी तसे केले नाही. मोठ्या घशाचा कार्ब्युरेटर वरच्या वेगात बहार आणतो हे खरे, पण खालच्या वेगात तो आळसावतो. मी केवळ धुराड्यांची नळकांडी अधिक मोकळी बसवली आणि हवेच्या डब्याचे झाकण काढले, आणि इंजिनाचा श्वास वाढला, तेव्हा त्याला इंधनाचा शिधाही वाढवून देणे भाग पडले.

कार्ब्युरेटरचा कारभार तीन अंमलदारांत वाटलेला असतो. अंगठ्याखालची कळ पाव दाबेपर्यंत पायलट जेट आणि हवेचा स्क्रू यांचा अंमल. पावापासून पाऊणपर्यंतच्या मधल्या मुलखात स्लाइडला लटकलेल्या निमुळत्या सुईचा. आणि पाऊणच्या पुढे मेन जेटचा. या सरहद्दी सर्वेक्षण खात्याने आखल्यासारख्या काटेकोर नसतात, एकाचा अंमल दुसऱ्याच्या हद्दीत थोडा शिरतोच. तरीही तक्रार कोणत्या हद्दीतली आहे याची शहानिशा न करता नवशिका जेव्हा थेट मेन जेटला हात घालतो, तेव्हा कज्जा एका तालुक्यातला आणि दावा दुसऱ्याच कचेरीत, अशी गत होते. मधल्या रेसला गाडी अडखळत असेल तर सुईची क्लिप एक खाच खाली सरकवून सुई वर घ्यावी, म्हणजे मिश्रण घट्ट होते. त्यासाठी एक पैशाचाही खर्च नाही, फक्त ती नखाएवढी क्लिप गॅरेजच्या फरशीवर उडून अंतर्धान पावणार नाही एवढी दक्षता हवी.

जेट म्हणजे मधोमध भोक असलेला पितळेचा एक चिमुकला स्क्रू. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ज्या मेस्त्रींच्या दुकानात मी हे काम पाहिले, त्यांनी मला एकदाच रागे भरले होते. तुंबलेले जेट मोकळे करण्यासाठी मी ब्रेकच्या केबलचा एक पदर हाती घेतला, तेव्हा त्यांनी तो हिसकावून घेतला आणि म्हणाले, "तार घालू नगंस लेका, भोक मोठं हुतंय. मग पेट्रोल कुनाचं ऐकत न्हाई." जेट ओठांशी धरून ते फुंकत आणि उजेडाकडे करून त्यातून पाहत. आज माझ्याकडे कॉम्प्रेसर आहे. उजेडाकडे धरून पाहण्याची सवय मात्र गेलेली नाही.

मेन जेटचा निवाडा प्लग करतो. नवा प्लग बसवून, वरच्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करावयाचे आणि प्लग काढून आतल्या चिनी मातीच्या मुळाशी पाहावयाचे. चहाच्या कपाच्या तळाशी राहिलेल्या डागासारखा रंग आला तर ठीक. काळा व ओला असेल तर पेट्रोल अधिक. पांढरा पडला तर कमी, आणि ते भयंकर. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलातच मिसळलेले असते, माझ्या डब्यात बत्तीसास एक या प्रमाणात. म्हणून पेट्रोल घटले की उष्णता वाढते आणि ती सोसण्यासाठी लागणारे तेलही नेमके तेव्हाच घटते. कारखान्याचे जेट २०० चे. माझ्या गाडीचा निवाडा २४० वर झाला, आणि तो मी कायमचा मानून बसलो.

वास्तविक तो डेन्व्हरपुरता होता. हे शहर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर, बरोबर एक मैल; येथील हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा सुमारे सातवा हिस्सा विरळ, आणि विरळ हवेला पेट्रोल कमी लागते. एका नोव्हेंबरात मंडळींबरोबर दक्षिण कॅलिफोर्नियात ग्लॅमिसच्या टेकड्यांवर गेलो. ते ठिकाण जवळजवळ समुद्राच्या पातळीवर, सकाळ थंड, हवा दाट. मोठ्या जेटांची पुडी माझ्या हत्यारांच्या पेटीत होती. बदलायला अर्धा तास लागला असता. पण उन्हे चढत होती, सोबती निघाले होते, आणि गाडी कधी नव्हे इतकी तल्लख चालत होती. पातळ मिश्रणाची ही लबाडी मी वाचलेली होती. ओल्ड्समोबिल हिल नावाच्या लांबलचक चढावर पूर्ण रेस दिली, निम्म्यावर इंजिनाचा सूर बारीक व कोरडा झाला, आणि एकाएकी मागची चाके जखडली. बोटांनी आपण होऊन क्लच ओढला म्हणून मी पडलो नाही.

घरी आणून हेड उतरवले. उजवे सिलिंडर निर्दोष. डाव्याच्या भिंतीवर, धूर बाहेर पडतो त्या बाजूला, पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम सारवल्यासारखे माखलेले. रिबोअर करून पाव मिलिमीटर मोठे पिस्टन दोन्हीकडे बसवले. जखडले तेही डावेच का, याचा उलगडा पुढे कार्ब्युरेटर जुळवताना झाला: डावी स्लाइड उजवीपेक्षा किंचित आधी वर जात होती. पूर्ण रेसवर एवढ्याशा फरकाने बिघडले नसेल, पण चढाच्या पहिल्या टप्प्यात तापण्याचा अधिक भार तिनेच वाहिला असावा, असा माझा तर्क आहे. तो कोणापुढे सिद्ध करता येणार नाही.

आता काडेपेट्यांत जेट ठेवतो. एकीवर "घरचे" असे लिहिले आहे, दुसरीवर "वाळूचे, २७०". आणि प्रवासापूर्वी हवेचा डबा काढून दोन्ही स्लाइडांखाली ड्रिलची दोन सारखी पाती अडकवतो, तीन मिलिमीटरची. मग अंगठ्याने कळ इतकी सावकाश दाबायची की केबलची ओढ हाडात जाणवावी. स्लाइडा उचलल्या की पाती सुटून खालच्या पत्र्याच्या ताटलीत पडतात. आवाज एकच आला पाहिजे. काल रात्री दोन आले, टण् आणि लगेच टण्, म्हणून केबलचा नट पाव फेरा फिरवला आणि पाती पुन्हा अडकवली.